कटिंगचं टेबल, शिलाईची मशीन

सकाळी साडेआठ. सांगलीच्या गावभागातलं दुकान उघडलं की पहिलं काम इस्त्रीचं. आदल्या दिवशी भिजवून वाळवलेली अस्तरं सुरकुतलेली असतात. न भिजवता अस्तर लावलं तर पहिल्या धुण्यातच ते आटतं आणि गिऱ्हाईक माझ्या नावानं खडे फोडतं.

नऊ. कटिंग. हे उभ्यानंच करायचं काम; बसल्या जागेवरून कात्री लांबवर सरळ जात नाही. सुतारानं टेबल जेवणाच्या टेबलासारखं ३० इंची करून दिलं होतं. खाली ठोकळे मारून ते ३६ इंचांवर नेलं, नाहीतर दुपारपर्यंत कंबरेचा काटा ढिला व्हायचा. अस्तरावर ब्लाउजपीस पसरायचं, काठ बाहीवर नीट येतोय ना बघायचं, छाती, मुंढा, गळा खडूनं आखायचा आणि आत माया ठेवायची. बायका जाड होतात, कबूल करत नाहीत. टेबलाखाली जुना पाट आहे. एक पाय त्यावर, थोड्या वेळानं दुसरा. कंबरेवरचा ताण तेवढ्यानंही उतरतो.

साडेदहा. मशीनवर बसते, तेव्हा टाचा अक्षरशः हुश्श करतात. माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे, तिनं एकदा नीट समजावलं. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात, सुटतात आणि पायातलं रक्त वर ढकलतात. एका जागी खांबासारखं उभं राहिलं की हे काम मंदावतं, रक्त खाली साचतं, पाय सुजतात. वर्षानुवर्षं तसंच चाललं तर नसाही फुगतात. बसण्याचं दुखणं वेगळं. मान सुईवर झुकलेली, पाठीला कमान. पायमशीन होती तोवर निदान घोटे हलायचे. मोटर बसवल्यावर एका पंजानं दाबायचं, बाकी सगळी मी पुतळा. वेग वाढला, पण पोटऱ्या झोपल्या. म्हणून दोऱ्याची रिळं मी मशीनपाशी ठेवत नाही, समोरच्या भिंतीवरच्या फळीवर ठेवते. रंग बदलला की ऊठ. सुरुवातीला मदतनीस मुलगी हसायची.

एक. डबा. शिंपी-चांभारांना बसून बसून कुबड येतं आणि दिवसभर उभ्यानं काम करणाऱ्यांच्या पायांच्या नसा फुगतात, या दोन्ही गोष्टी रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्यानं १७०० सालीच कामगारांच्या आजारांवरच्या पुस्तकात नोंदल्यात. तरी माझ्या पुण्यातल्या पुतण्यानं बटण दाबलं की वर येणारं टेबल घेतलं आणि पहिला आठवडा हट्टानं उभाच राहिला. वजन घटेल म्हणे! बसण्यापेक्षा उभं राहण्यात तासाला जेमतेम नऊ-दहा कॅलरी जास्त जळतात. अर्ध्या पोळीचाही हिशोब लागत नाही. आठवड्यानं टाचा धरून बसला. “काकू, बसू की उभा राहू?” म्हणून फोन. म्हटलं, बाबा, दोन्ही कर, पण एकच धरून बसू नकोस.

दोन. हातकाम. हुक, काज, तुरपाई. खाली चटईवर मांडी घालून. ही तिसरी बैठक, पण पाऊण तासानं पायाला मुंग्या येतात आणि आपोआप उठणं होतं.

साडेतीन. पुन्हा मशीन, बाह्या जोडायच्या. दुकान टाकण्याआधी मी रेडीमेड शर्टाच्या कारखान्यात होते. तिथं कटिंगवाले दिवसभर उभे, आम्ही ऑपरेटर दिवसभर बसून, मी तर फक्त कॉलर. दोघांची अदलाबदल केली असती तर दोघांच्या कंबरा वाचल्या असत्या, पण बंडलं मोजणाऱ्याला ते परवडत नव्हतं. उभ्यानं काम करणाऱ्यांना बसायची सोय द्यावी, असं १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४४ व्या कलमात होतं. स्टुलं आमच्याकडे होती, सुपरवायझरच्या केबिनमध्ये. एकट्या शिंपिणीला मात्र सगळंच करावं लागतं, त्यामुळे ऊठबस फुकटात होते. मालकीण असल्याचा मला दिसलेला हा एवढाच फायदा, उधारी वेगळी.

सहा. ट्रायलच्या बायका. टाचण्या तोंडात धरून मी त्यांच्याभोवती फिरते. मग तयार ब्लाउजांना इस्त्री, बटणं तपासणं, पिशव्या.

साडेआठ. शटर अर्धं ओढलं की साडीच्या दुकानातली पोरगी येते. दिवसभर काउंटरमागे उभी. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, अशी तंबी. केरळात अशाच दुकानांतल्या बायका भांडल्या आणि २०१८ मध्ये सरकारला कायद्यात बसण्याची तरतूद घालावी लागली. तामिळनाडूनं २०२१ मध्ये केली. हे तिला सांगितलं, तर म्हणाली, “आमच्या शेठला सांगा.” स्टुलावर टेकली ती उठेचना.

“काकू, बसूनच घ्या ना माप.”

“ऊठ गं, दोनच मिनिटं. बसून घेतलं तर कंबरेत सैल होईल आणि मला शिव्या घालशील.”

उठली. छाती ३४, बाही ९, गळा मागून खोल. शनिवारी हवाय म्हणाली. लग्नसराई आहे, सोमवार सांगितला.