एक आडनाव, अनेक धनी

जबलपूर शहरातील कांचघर ह्या वस्तीचे नाव कानावर पडताच त्याचा अर्थ उलगडतो. काच आणि घर हे दोन्ही शब्द परिचयाचे आहेत. त्याच शहरातील नेपियर टाउनची गोष्ट मात्र निराळी. टाउन म्हणजे काय ते कोणीही सांगेल. परंतु नेपियर म्हणजे काय, असे विचारल्यास तेथे सारा जन्म काढलेला गृहस्थही क्षणभर थबकेल. पत्त्यातील एक ओळ, रिक्षावाल्यास सांगावयाची एक खूण, एवढाच त्या शब्दाचा आता उपयोग. पाटीवर केवळ आडनाव असते. आणि आडनाव एका माणसाचे कधीच नसते.

मुळात हे आडनाव हुद्द्यावरून पडलेले आहे. जुन्या फ्रेंच भाषेत मेजावरील वस्त्रास जो शब्द होता, त्यावरून राजवाड्यातील किंवा सरदाराघरची ही वस्त्रे सांभाळणाऱ्या सेवकास नेपियर म्हणू लागले. आपल्याकडे जामदारखान्यावरून जामदार, दप्तराच्या कामावरून चिटणीस अशी आडनावे रूढ झाली, तसाच हा प्रकार होय. पुढे कुळ मोठे झाल्यावर, पराक्रमात ज्याला तोड नाही तो नेपियर, अशी दंतकथाही स्कॉटलंडात रचली गेली. कोठीवरल्या कारकुनाच्या वंशजांना शूर पूर्वज हवासा वाटावा, हे काही तेथलेच वैशिष्ट्य नव्हे.

ह्या नावाला खरी कीर्ती मिळवून दिली ती एका विद्वानाने. एडिंबरोजवळच्या मर्चिस्टन येथील जमीनदार जॉन नेपियर ह्याने १६१४ साली लॉगरिथमची कोष्टके प्रसिद्ध केली. गुणाकाराचे काम बेरजेवर आणावयाचे, ही त्यामागील कल्पना. शंभर म्हणजे दहाचा दुसरा घात, हजार म्हणजे तिसरा. दोन आणि तीन मिळून पाच, म्हणून दोहोंचा गुणाकार दहाचा पाचवा घात, अर्थात एक लाख. दहा ह्या पायावरील ही सोयीची रीत नेपियर व हेन्री ब्रिग्ज ह्यांच्या विचारविनिमयातून पुढे आली. ज्योतिषी, खलाशी, मोजणीदार आणि शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थी ह्यांनी सुमारे साडेतीनशे वर्षे अशी कोष्टके हाताळली. १९७० नंतर खिशात मावणारी गणकयंत्रे आली, तेव्हा कोठे ती मागे पडली. त्याच्या नावावरून नेपर हे एक मापही शास्त्रात रूढ आहे.

हिंदुस्थानच्या इतिहासात भेटतो तो दुसराच नेपियर. सर चार्ल्स नेपियर ह्याने १८४३ साली मियाणीच्या लढाईत तालपूर मीरांचा पराभव केला आणि सिंध ब्रिटिश राज्यास जोडला. हे कृत्य न्यायाचे नव्हे, हे त्याला स्वतःलाच ठाऊक होते आणि तसे त्याने लिहूनही ठेवले होते. ‘मी पाप केले’ अशा अर्थाच्या एका लॅटिन शब्दाची तार त्याने पाठविली, ही गोष्ट मात्र खरी नाही. इंग्रजीत ‘पाप केले’ आणि ‘सिंध घेतला’ ह्यांचा उच्चार सारखा होतो, त्यावरची ती कॅथरिन विंकवर्थ नावाच्या तरुणीची कोटी. ‘पंच’ ह्या विनोदी नियतकालिकाने ती १८४४ साली छापली. पुढे १८४७ पासून १९३६ पर्यंत सिंधचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. न्यूझीलंडमधील नेपियर हे शहर ह्याच सेनापतीच्या नावाचे. १९३१ च्या भूकंपात ते उद्ध्वस्त झाले आणि नव्याने उभे राहिले. त्याच्या शेजारी क्लाइव्ह व हेस्टिंग्ज ही गावे आहेत; हिंदुस्थानातील राजवटीची नावे अशी समुद्रापार जाऊन वसली.

तिसरा रॉबर्ट नेपियर. हा मूळचा इंजिनियर, पुढे मुंबईच्या सैन्याचा सरसेनापती. १८६८ साली अबिसीनियावर गेलेल्या मोहिमेचे नेतृत्व त्याच्याकडे होते. मुंबईहून जहाजे भरभरून शिपाई, बाजारबुणगे आणि खेचरे गेली. जड तोफांसाठी हत्तीसुद्धा नेले. मॅग्डालाचा किल्ला पडला, सम्राट तेवोद्रोसने आत्महत्या केली आणि विजेत्याला लॉर्डपद मिळाले. तेथून लुटून आणलेल्या ग्रंथांची व पवित्र वस्तूंची मागणी इथिओपिया आजही करीत आहे.

चौथा फ्रान्सिस नेपियर हा १८६६ ते १८७२ पर्यंत मद्रासचा गव्हर्नर होता. चेन्नईतील कूम नदीवरचा पूल आणि तिरुवनंतपुरमचे वस्तुसंग्रहालय त्याच्या नावाने ओळखले जातात. त्याच चेन्नईतील नेपियर पार्क मात्र आता मे दिन पार्क झाला आहे.

महाराष्ट्रात हे नाव सर्वांत अधिक उच्चारले जाते ते इतिहासाच्या वर्गात नव्हे, गोठ्यात. आफ्रिकेतून आलेल्या उंच हत्तीगवताला ऱ्होडेशियातील एका कर्नल नेपियरचे नाव मिळाले. बाजरीशी त्याचा संकर करून निघालेले वाण आज हिरव्या चाऱ्याचा मोठा आधार आहेत; राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे यशवंत आणि फुले जयवंत हे त्यांपैकीच. कांडी एकदा लावली की वर्षानुवर्षे कापण्या मिळतात. शेतकऱ्याच्या तोंडी ‘नेपियर’ म्हणजे ना गणिती, ना सेनापती. दुभत्या जनावराचा घास.

एकाच नावाखाली ज्ञान आहे, आक्रमण आहे, कारभार आहे आणि चाराही आहे. म्हणून एखाद्या पाटीवरचे परके नाव पुसावे की ठेवावे, हा वाद निघाला म्हणजे पहिला प्रश्न असा विचारला पाहिजे, की ह्या नावाचा धनी नेमका कोण आणि त्याने केले काय? पुसण्याचा अधिकार समाजाला आहेच. परंतु न ओळखता पुसलेले नाव आणि न ओळखता जपलेले नाव, ही दोन्ही सारखीच मुकी असतात. आडनाव वारसाने मिळते. मान आणि दोष मात्र ज्याचे त्यालाच दिले पाहिजेत.