ज्यूरा प्रांतांतील पिवळी वाइन व तिचें खाद्य

फ्रान्सच्या पूर्वेस, स्वित्झर्लंडच्या सरहद्दीलगत, ज्यूरा नांवाचा डोंगराळ प्रदेश आहे. तेथील साव्हान्यां जातीच्या द्राक्षांची 'पिवळी वाइन' सहा वर्षांहून अधिक काळ ओकच्या पिंपांत मुरवितात. उडून गेलेल्या रसाची तूट भरून काढीत नाहींत. पृष्ठभागीं किण्वाचा पापुद्रा धरतो व तोच वाइनचा शिरका होऊं देत नाहीं. एका लिटराची अखेर सुमारें ६२ सेंटिलिटर उरते; बाटलीही तेवढ्याच मापाची असते.

या वाइनला अक्रोडाचा वास येतो. म्हणून तिजबरोबर अक्रोड व त्याच डोंगरांतील कोंते चीज खातात. गुच्छी जातीच्या अळंब्या व मलई घालून शिजविलेल्या कोंबडीच्या रश्शांतही ती घालतात. या चीजच्या चाकासारख्या एका चकतीस सुमारें ४०० लिटर दूध लागतें. एका घरच्या गाईंचें तेवढें दूध होत नसे. म्हणून गांवकऱ्यांनीं कित्येक शतकांपूर्वीं सामाईक दुग्धशाळा काढिल्या. तशा दुग्धशाळा आजही चालू आहेत.

शातो-शालों हें या वाइनचें सर्वांत नांवाजलेलें गांव. १९३६ सालीं या नांवास कायद्याचें संरक्षण मिळालें. काढणीपूर्वीं मळ्यांची तपासणी होते. १९७४, १९८०, १९८४ व २००१ या सालीं द्राक्षें कसास न उतरल्यामुळें बागाईतदारांनीं त्या नांवाची एकही बाटली काढिली नाहीं. मोठ्या दरावर त्यांनीं पाणी सोडिलें, परंतु नांव राखिलें. आमचे जे बंधु आंबा, गूळ अगर द्राक्षें गांवाच्या नांवावर विकितात, त्यांनीं हा दाखला ध्यानांत ठेवावा, अशी आमची विनंति आहे.