मिणमिणणारा लाल दिवा

अवसरी बुद्रुकला आमच्या एका परिचितांकडे १९६०च्या दशकातली फियाट ११०० आहे. इंजिन चालू असतानाही, हेडलाइट लावले की डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणू लागे. 'डायनॅमो बदला,' असा सल्ला त्यांना मिळाला होता. खर्च मोठा.

या दिव्याचे एक टोक स्विचमार्फत बॅटरीला, दुसरे डायनॅमोला जोडलेले असते. दोन्हीकडे १४ व्होल्ट झाले की विभवांतर शून्य, दिवा विझतो. मिणमिणतो म्हणजे फरक उरला! बॅटरीकडून स्विचकडे येणाऱ्या तारेच्या दोन टोकांना आम्ही व्होल्टमापी लावला. २ व्होल्ट. हेडलाइटची धारा साधारण १० अँपिअर. म्हणजे रोध ०.२ ओहम, उष्णता २० वॅट. गंजलेला सांधा हाताला चटका देत होता! (धारा बंद करून साध्या ओहममापीने इतका लहान रोध नीट कळत नाही.) सांधा घासून घट्ट केला. डायनॅमो तोच आहे.