उजनीचे पाणी उतरताना

फेब्रुवारी-मार्चमध्ये भीमा नदीवरील उजनी धरणाचे पाणी कालव्यांनी शेतीकडे जाते आणि काठ उथळ होतो. थंडी ओसरून पाणी कोमट झाले की मासळी हालचाल करू लागते, जाळ्यात सहज सापडते. भिगवणच्या बाजारात रोहू, कटला, चिलापी येते. पण बारीक जाळ्यात पिलेही अडकतात. रोहू-कटला अंडी घालण्याजोगे व्हायला साधारण दोन वर्षे लागतात. अंडीही पावसाळ्यातच घालतात. पिलू आजच संपले तर पुढची पिढी कुठून येणार?

सूरह फातिरमध्ये गोड्या आणि खाऱ्या, दोन्ही पाण्यांतून ताजे मांस मिळत असल्याचा उल्लेख आहे. या नेमतीची कदर म्हणून आम्ही एवढेच सुचवतो: बोटाएवढे रोहू-कटला स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. गिऱ्हाईकच नसेल तर बारीक जाळे टाकणार कोण?