जुनापाणीची शिलावर्तुळे : वस्तू आणि तिचे स्थान

नागपूर-काटोल मार्गावर, नागपूर शहरापासून थोड्याच अंतरावर, जुनापाणी येथे सुमारे ३०० शिलावर्तुळे विखुरलेली आहेत. वर्तुळाकार मांडलेल्या मोठ्या शिळा आणि त्यांच्या आत माती व दगडगोटे यांच्या भरावाने झालेला बुटका उंचवटा, असे त्यांचे सामान्य स्वरूप होय. विदर्भातील ही महापाषाणीय दफनस्मारके स्थूलमानाने इसवी सनपूर्व पहिल्या सहस्रकातील असून त्यांत काळी-तांबडी मृत्पात्रे व लोखंडी हत्यारे आढळतात.

एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक यांनी येथील काही वर्तुळे उकरली व त्यांत मिळालेल्या वस्तू ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. थरांची काटेकोर नोंद करण्याची पद्धती त्या काळी आपल्याकडे रूढ झालेली नव्हती. पुढे १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने बी. के. थापर यांनी येथे थरवार उत्खनन केले. दोहोंतील अंतर केवळ कालाचे नाही. पहिल्याने वस्तू हाती आल्या. दुसऱ्याने वस्तू, थर व रचना यांचा परस्परसंबंध तपासता आला.

हा संबंध किती मोलाचा असतो, याचे उदाहरण जवळच्याच माहुरझरीत सापडते. तेथे १९७०-७२ या काळात नागपूर विद्यापीठाने शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले. तांब्याचे पत्रे घोड्याच्या कवटीवर आढळले, म्हणूनच ते अश्वाचे शिरोभूषण असल्याचे निश्चित झाले. तेच पत्रे सुटे हाती आले असते, तर त्यांचा उपयोग तर्कानेच सांगावा लागला असता. विदर्भातील अनेक वर्तुळांत मानवी अस्थी अल्प व त्रुटित असतात. अशा ठिकाणी दफनविधीचे अनुमान मुख्यतः वस्तूंच्या स्थानावरच आधारावे लागते.

हीच गोष्ट बाहेरच्या शिळांनाही लागू आहे. जुनापाणीच्या काही शिळांवर वाटीसारखे लहान खळगे कोरलेले आहेत. खळगे कोणत्या दिशेच्या शिळांवर आहेत, हा अभ्यासाचा विषय झाला आहे. शिळा फूटभर जरी सरकवली, तरी तो पुरावा दूषित होतो. मग शिळा शाबूत असूनही उपयोग नाही.

जुनापाणीची शिलावर्तुळे राष्ट्रीय महत्त्वाचे संरक्षित स्मारक आहेत. १९५८ च्या अधिनियमात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या संरक्षित सीमेपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित व त्यापुढील २०० मीटरचे विनियमित असते. या तरतुदीचा अर्थ अभ्यासकाने नीट ध्यानी घ्यावा. येथे रक्षण करावयाचे ते नुसत्या दगडांचे नव्हे, तर त्यांच्या मांडणीचे.