लिटरभर ऑईलची पेटी

बैलगाडीच्या आसाचे वंगण सुकले की गाडी कुरकुरते. आता एरंडेल हवे, हे गाडीवानाला रस्त्यातच कळते. मोटारीच्या इंजिनाला ऑईल बघायची पट्टी असते, समोर लाल दिवा असतो. फोर व्हील ड्राइव्ह गाडीच्या पोटाखाली, बहुतेक वेळा गिअरबॉक्सला मागून चिकटून, जी ट्रान्सफर केस नावाची पेटी असते तिच्या वाट्याला यातले काहीच सहसा आलेले नाही. आतले ऑईल किती आहे आणि कसे आहे हे बघायचे तर गाडीखाली शिरून पान्याने प्लग खोलावा लागतो. पेटी आवाज करू लागते तेव्हा बेअरिंग किंवा गिअर आधीच खराब झालेला असतो. म्हणून माझे म्हणणे असे, की जुने ऑईल काढून डोळ्यांनी बघणे हीच या पेटीची खरी तपासणी, आणि ती किती किलोमीटरनंतर करायची हे गाडी कुठल्या रानात जाते त्यावरून ठरवावे. वरून थोडे ऑईल ओतून काम भागवले की पातळी तेवढी जमते, तपासणी राहून जाते.

या पेटीचे काम एका वाक्यात सांगता येते: गिअरबॉक्समधून आलेला जोर पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही आसांना वाटून द्यायचा, आणि लो गिअर टाकला की वेग कमी करून तो जोर वाढवायचा. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, आणि खेड्यापाड्यांत फोर व्हील ही चीज पोचली ती मुख्यतः त्या जीपच्या वंशावळीतून. त्या घराण्यातल्या जुन्या जीपांना स्पायसर कंपनीच्या धाटणीची मॉडेल १८ ही पेटी असे. महायुद्धातल्या विलीज एमबीत तिचा लो गिअर १.९७ पट जोर द्यायचा. जुन्या जीपखाली वाकून बघितले तर मागचा डिफरन्शिअल मधोमध नसून एका बाजूला सरकलेला दिसतो. कारण साधे आहे. मागच्या चाकांचा जोरसुद्धा या पेटीतल्या गिअरांतून बाजूला वळून मगच पुढे जातो.

‘आम्ही फोर व्हील टाकतच नाही, मग ऑईल कशाला बदलायचे?’ या नेहमीच्या आक्षेपाला उत्तर त्या सरकलेल्या डिफरन्शिअलमध्येच आहे. दांडी टू व्हीलवर असली तरी पेटी सुट्टीवर नसते. आत येणारा शाफ्ट, मागे जाणारा शाफ्ट आणि त्यांची बेअरिंगे गाडी चालते तितका वेळ फिरतात. नव्या पेट्यांत टू व्हीलला जोर सरळ आरपार जातो, पण बेअरिंगे तिथेही ऑईलवरच जगतात. त्यात या ऑईलचे माप फारच लहान. मारुतीने १९८५ मध्ये आणलेल्या जिप्सीत ही पेटी गिअरबॉक्सपासून सुटी असते आणि तिच्यात ऑईल जेमतेम पाऊण लिटरच्या वर. ट्रॅक्टरच्या मागच्या हौसिंगमध्ये डबेच्या डबे ऑईल मावते, तिथे घोटभर पाणी शिरले तरी काही दिवस निभते. पाऊण लिटरात तेच घोटभर पाणी सगळ्या ऑईलचा रंग बदलून टाकते.

पाणी शिरते कसे, हे बघायला डोंगरकडा या गावाचे उदाहरण घेऊ. कळमनुरी तालुक्यातले हे गाव नांदेड-हिंगोली रस्त्यावर, म्हणजे आताच्या राष्ट्रीय महामार्ग १६१ वर आहे. आसपासचा पट्टा केळीचा आणि हळदीचा, जमीन काळी. ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चाकाला अशी धरते की टायरची नक्षी बुजून नुसता गोल गोळा फिरत राहतो. केळीचा घड तयार झाला की तो पाऊस उघडायची वाट बघत नाही. पांदण रस्त्याने माल डांबरीपर्यंत आणायचा तर चारही चाकांना जोर हवा. इथवर फोर व्हीलचे काम रास्तच आहे. घोटाळा होतो पुढे. पांदणीतून वर आलेली गाडी दांडी न काढताच महामार्गाला लागते. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक थोडे घसरते आणि हिशेब मिटतो, डांबरीवर घसरायला जागा नसते. तो ताण पेटीतल्या गिअरांवर किंवा साखळीवर चढतो, ऑईल तापते. आणि पुढच्या ओढ्यात हीच तापलेली पेटी गार पाण्यात बुडते. आतली हवा आकसते आणि बाहेरचे आत ओढू लागते. पेटीला श्वास घ्यायला ब्रीदर नावाची बारीक नळी असते. ती वरपर्यंत नेलेली आणि मोकळी असेल तर हवा येते. चिखलाने बुजली असेल, तर झिजलेल्या ऑईल सीलमधून पाणी येते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: कंपनीने पुस्तिकेत किलोमीटर दिलेले असताना आपण शहाणपणा का करायचा? पुस्तिकेला कमी लेखायचे कारण नाही. पण तीच पुस्तिका पुष्कळदा मागच्या पानांत खडतर वापरासाठी वेगळा, आखूड हिशेब देते. धूळ, चिखल, पाणी, ओढलेली ट्रॉली हे सगळे त्यात मोडते. केळीच्या पट्ट्यात पावसाळाभर चालणारी गाडी त्या पानावरची आहे, पहिल्या पानावरची नाही. शिवाय किलोमीटरचा आकडा इथे फसवा असतो. लो गिअरमध्ये दिवसभर राबलेल्या गाडीचे मीटर फारसे हलत नाही, पेटी मात्र दिवसभर दळत असते. माझ्या मते अशा गाडीची पेटी दर पावसाळा सरला की एकदा उघडावी, आणि हबच्या वर पाणी आलेल्या ओढ्यातून गाडी काढली असेल तर त्याच आठवड्यात.

उघडताना पहिला नियम, जो घाईत चुकतो: आधी वरचा, भरायचा प्लग ढिला करून बघायचा. खालचा आधी काढून ऑईल सांडून दिले आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर रिकामी पेटी घेऊन गाडी जागीच अडकते. गाडी सपाटीवर, आणि थोडी चालवून आणलेली असावी. कोमट ऑईल तळाचा गाळ घेऊन खाली येते. खालच्या प्लगच्या टोकाला अनेक गाड्यांत चुंबक असतो, आणि सगळी कहाणी त्या चुंबकावर असते. त्यावर बोटाला गुळगुळीत लागणारी राखाडी मळी असली तर घाबरायचे नाही, ती रोजची झीज आहे. चिमटीत टोचणारा कीस किंवा दाताचा तुकडा निघाला, तर नवे ऑईल ओतून तो आजार झाकला जाईल, बरा होणार नाही. ऑईल दुधाच्या चहासारखे पांढुरके आले तर पाणी शिरले आहे. मग सील आणि ब्रीदर आधी, ऑईल नंतर. प्लगचे आटे पुसून नवा वायसर घालायचा, आणि वरच्या भोकातून हळूहळू भरत जायचे. भोकाच्या कडेवरून ऑईलची बारीक तार खाली ओघळू लागली की माप झाले, बहुतेक पेट्यांची पट्टी हीच. जुन्या जीपमध्ये एक मेख आहे. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्यामध्ये ऑईल जाण्यायेण्याची भोके असतात, त्यामुळे दोन्हींचे ऑईल एकाच वेळी काढायचे आणि दोन्ही प्लगवर पातळी बघायची.

कुठले ऑईल, यावर मात्र हातघाईचा वाद असतो, आणि ‘जाड ते चांगले’ हे त्यातले सर्वांत महाग मत. गिअरांवर चालणाऱ्या पेटीला गिअर ऑईल लागते. साखळीवर चालणाऱ्या अनेक पेट्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पातळ लाल ऑईल दिलेले असते. त्यांत जाड नव्वद नंबरचे ऑईल ओतले तर थंडीतल्या सकाळी ते साखळीच्या सांध्यांत वेळेवर पोचत नाही. गिअर ऑईलमध्येही जीएल-४ आणि जीएल-५ सारखे नव्हेत. जीएल-५ मध्ये जादा दाब सोसणारी गंधक-फॉस्फरसची द्रव्ये बरीच जास्त असतात आणि काही ऑईलांत ती पितळ-कांशाच्या वायसरांना नि सिंक्रो रिंगांना खातात. वरचा आकडा म्हणजे वरचा दर्जा, असे समजून चालत नाही. पुस्तिकेचा शब्द इथे मात्र शेवटचा.

उरते ते तसराळ्यात पडलेले काळे ऑईल. जळक्या ऑईलला खेड्यात गिऱ्हाईक कायम असते: वाळवीसाठी मेढींना फासायला, दाराच्या बिजागरीला. ते बांधावर ओतणे मात्र काळ्या मातीचेच नुकसान. घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांत वापरलेले ऑईलही मोडते. झाकणाच्या कॅनमध्ये साठवून ते परवानाधारक गोळा करणाऱ्याकडेच जायला हवे. पण कॅनमध्ये ओतण्याआधी त्यातले थोडेसे काचेच्या बाटलीत घेऊन रात्रभर ठेवावे. सकाळी तळाशी पाण्याचा थर दिसला, तर नुकतेच भरलेले नवे ऑईलही महिनाभरात पुन्हा खोलून बघायचे आहे.