वागिंद्रिये आणि गिळण्याची क्रिया : श्वासनळीच्या उपचारानंतर उद्भवणारी एक अडचण

ध्वनिविचाराच्या पाठ्यपुस्तकांत 'वागिंद्रिये' या सदराखाली ओठ, दात, जिव्हा, तालू व स्वरयंत्र यांचे वर्णन येते. त्यामुळे ही इंद्रिये बोलण्यासाठीच निर्माण झाली आहेत, असा विद्यार्थ्यांचा समज होण्याचा संभव असतो. एडवर्ड सपीर यांनी १९२१ साली 'लँग्वेज' या ग्रंथात या समजास हरकत घेतली होती. भाषण हे या इंद्रियांवर मागाहून आलेले कार्य आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. स्वरयंत्राचे मूळ कार्य श्वासमार्गाचे रक्षण करणे हे होय. हे रक्षण ढासळले म्हणजे काय घडते, ते अतिदक्षता विभागातील रुग्णांत स्पष्ट दिसून येते.

घास गिळताना श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर व पुढे उचलले जाते, स्वरतंतू एकमेकांस मिळतात, वरची कूर्चा झाकणासारखी कलते आणि अन्ननलिकेचे तोंड उघडते. हे सर्व सुमारे एका सेकंदात उरकते. त्यानंतर निरोगी माणूस बहुधा उच्छ्वास सोडतो. त्यामुळे चुकार कण बाहेर लोटला जातो.

१९५२ साली कोपनहेगन येथील पोलिओच्या साथीत ब्यॉर्न इब्सेन यांच्या सूचनेवरून गळ्यास छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसविण्यात आली आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी रबरी पिशवी हाताने दाबून रुग्णांस जगविले. आज पुष्कळदा ही नळी तोंडातून, दोन स्वरतंतूंच्या मधून खाली उतरविली जाते. २०२० सालापासूनच्या करोनाच्या साथीत असे दीर्घकाळ नळीवर राहिलेले रुग्ण जगभर वाढले. अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काळ नळी राहिली, म्हणजे स्वरतंतूंच्या मागील भागास सूज वा व्रण येऊ शकतो, घशाची संवेदना मंदावते, न वापरलेले स्नायू दुबळे होतात आणि श्वास व गिळणे यांचा मेळ बिघडतो. गुंगीच्या औषधांचा अंमल त्यात भर घालतो.

या अडचणीचे प्रमाण किती? २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका समालोचनात निरनिराळ्या अभ्यासांतील आकडे ३ पासून ६२ टक्क्यांपर्यंत आढळले. रुग्णांचे प्रकार आणि तपासणीच्या पद्धती भिन्न असल्याने एवढी तफावत पडते. मात्र सर्वांत मोठे आकडे दीर्घकाळ नळी राहिलेल्या रुग्णांचेच होते.

येथे दोन चुकीची अनुमाने संभवतात. नळी निघाल्यावर रुग्ण बोलू लागला की आप्तेष्ट मायेने चमचाभर पाणी त्याच्या मुखी घालतात. परंतु बोलता येणे हा गिळता येण्याचा पुरावा नव्हे. दुसरे अनुमान अधिक घातक आहे : ठसका लागला नाही, म्हणजे पाणी योग्य मार्गाने गेले. संवेदना मंदावलेल्या घशात द्रव श्वासनलिकेत शिरूनही ठसका लागत नाही आणि पुढे न्यूमोनिया होऊ शकतो. घोटानंतर आवाज ओलसर, घरघरता झाला तर शंका घ्यावी. परंतु आवाज स्वच्छ राहिला म्हणून निःशंक होऊ नये.

निश्चित निदान प्रत्यक्ष पाहूनच होते. बेरियम मिसळलेला घास क्ष-किरणांखाली पाहण्याची पद्धत जेरी लोगमन यांच्या १९८३ च्या ग्रंथाने रूढ केली. नाकातून दुर्बीण घालून घसा पाहण्याची पद्धत सुसान लँगमोर यांनी १९८८ साली मांडली. उपचारांत घासाचा घट्टपणा बदलणे, मानेची ठेवण सुधारणे, स्नायूंचे व्यायाम आणि तोंडाची स्वच्छता यांचा समावेश होतो. घट्ट केलेले पाणी रुग्णांस रुचत नाही, आणि त्यामुळे शरीरात पाणी कमी पडण्याचा धोका असतो, हेही ध्यानी ठेवावे लागते. अनेकांची अडचण काही दिवसांत वा आठवड्यांत ओसरते. काहींची मात्र रुग्णालय सोडल्यावरही टिकते.

भाषेच्या अभ्यासकास यात काय करता येईल? प्रश्नावलीत 'गिळण्यास त्रास होतो काय?' असा एकच प्रश्न पुरेसा नाही. मराठी रुग्ण 'घास खाली उतरत नाही' म्हणतो, 'पाण्याने ठसका लागतो' म्हणतो किंवा 'घशाशी काहीतरी राहिल्यासारखे वाटते' म्हणतो. पहिल्यात अडथळ्याची, दुसऱ्यात श्वासमार्गाच्या रक्षणाची, तर तिसऱ्यात घशात उरलेल्या अन्नाची सूचना असू शकते. 'आवंढा गिळता येत नाही' ही तक्रार तर लाळेपुरतीच असते आणि म्हणून अधिक गंभीर ठरते. या उक्ती निदानाची जागा घेऊ शकत नाहीत. पण त्या एकाच शब्दाखाली दडपल्या गेल्या, तर वैद्याच्या हाती येणारा धागा तुटतो. म्हैसूर येथे १९६५ साली वाक् व श्रवण संस्था स्थापन झाली, तेव्हापासून वाणीचे विकार आपल्याकडे स्वतंत्र अभ्यासविषय बनले आहेत. बोलीनिहाय अशा उक्तींचा संग्रह करणे हे त्या कार्यास जोड देणारे, आणि आपल्या विभागांच्या आवाक्यातील काम आहे.